पाणी कोणाचे, मासा कोणाचा? : परदेशातील हौशी मासेमारीचे नियम आणि परवाने

प्रस्तावना

उपजीविकेसाठी किंवा विक्रीसाठी नव्हे, तर छंद म्हणून आणि बहुधा गळ टाकून जी मासेमारी केली जाते, तिला हौशी मासेमारी म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१२ साली या विषयावर जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या व्याख्येच्या दोन कसोट्या सांगितल्या आहेत : पकडलेला मासा हा पकडणाऱ्याच्या आहाराचा मुख्य आधार नसावा, आणि तो सहसा बाजारात विकला जाऊ नये. वरवर साध्या वाटणाऱ्या या दोन कसोट्यांवरच जगभरातील परवान्यांची उभारणी झालेली आहे. हौशी परवान्यावर पकडलेला एखादा मासा किनाऱ्यावरच्या उपाहारगृहाला विकला, तर कायद्याच्या दृष्टीने तो माणूस त्या क्षणी व्यावसायिक मच्छीमार ठरतो, तेही विनापरवाना. प्रस्तुत पुस्तकाचा विषय ही हौस आहे, आणि विशेषतः मराठी माणूस परदेशात बोटीतून पाण्यावर जातो, सोबत गळ घेतो, तेव्हा त्याच्यावर लागू होणारे नियम आहेत.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या छत्रपती संभाजीनगरात अशा पुस्तकाची गरज काय, असा प्रश्न कोणाला पडला तर त्यात वावगे काही नाही. परंतु या शहरातून आणि एकूण मराठवाड्यातून शिकून न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, दुबई, सिंगापूर, मेलबर्न, म्युनिक येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची संख्या आता लहान राहिलेली नाही, आणि त्यांना भेटायला जाणारे आईवडील, भावंडे, मित्र यांच्या सहलीत एक दिवस तरी बोटीचा असतोच. ज्याने लहानपणी गोदावरीच्या काठी कणकेची गोळी लावून गळ टाकला, त्याला तलावावर किंवा खाडीवर भाड्याची बोट मिळाली की गळ हवासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. अडचण अशी की गावाकडच्या पाण्यावर गळ टाकताना त्याला कोणी कधी परवाना विचारलेला नसतो, त्यामुळे पाणी सर्वांचे आणि मासा ज्याच्या गळाला लागेल त्याचा, ही समजूत तो सोबत घेऊन विमानात बसतो. ही समजूत परदेशात चुकीची आहेच. पण ती घरच्या पाण्याबाबतही खरी नाही, आणि परदेशातले नियम समजून घेण्याची सुरुवात घरच्या पाण्यापासूनच करावी लागते.

पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यामुळे निर्माण झालेला नाथसागर हा या भागातील सर्वांत मोठा जलाशय असून रोहू, कटला, मृगळ, मरळ, चिलापी असे मासे त्यात मिळतात. हे पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, परंतु त्यातील मासेमारीचा विषय मत्स्यव्यवसाय विभागाकडे येतो. राज्यातील जलाशयांत मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा परवान्याने प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना आणि त्यांच्या सभासदांना दिले जातात, आणि हे सभासद मोठ्या संख्येने भोई व तत्सम समाजांतील आहेत. धरणाने ज्यांचे नदीपात्र आणि डोह पाण्याखाली गेले, त्यांपैकी अनेकांच्या संसाराचा आधार आज हाच जलाशय आहे. त्याशिवाय १९८६ साली हे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले, त्यामुळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ तेथे लागू होतो. अभयारण्यात कोणी, कशासाठी प्रवेश करावा आणि तेथून काय उचलावे, यांवर त्या अधिनियमाचे निर्बंध आहेत. म्हणजे काठावर बसून टाकलेला एक गळ एकाच वेळी तीन सरकारी खात्यांच्या आणि एका मच्छीमार संस्थेच्या कक्षेत पडतो. हौशी माणसाला हे जाणवत नाही याचे कारण एवढेच की येथे त्याच्यासाठी स्वतंत्र, सोपा आणि सहज मिळणारा परवाना व्यवहारात रूढ नाही. नियम मात्र आहेत, आणि ते पोटासाठी मासे पकडणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत.

गळाच्या मासेमारीकडे करमणूक म्हणून पाहण्याची दृष्टी इंग्रजांनी आणली, असा समज सर्रास आढळतो, पण तो बरोबर नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विविध विनोदांचे, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांचे वर्णन आहे, आणि त्यांत मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ओवीच्या प्राचीन उल्लेखामुळे परिचित आहे. मासेमारीच्या अभ्यासकांसाठी त्याचे मोल निराळे आहे. समुद्रातील व गोड्या पाण्यातील सुमारे पस्तीस जातींचे मासे, त्यांना कोणते खाद्य घालून पोसावे, दोरी कशाच्या तंतूंची असावी, गळाला कोणते आमिष लावावे, यांची माहिती त्यात दिलेली आहे. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, मराठवाड्याच्या अगदी सीमेवरचे गाव. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की या ग्रंथातील विनोद राजाचा आहे आणि पाणीही राजाचेच आहे, त्यामुळे परवान्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला महाराष्ट्रातील देवस्थानांची परंपरा आहे : आळंदी-देहूजवळ इंद्रायणीच्या डोहांत आणि रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडीत मासा देवाचा मानून त्याला हात न लावण्याचा रिवाज पिढ्यान्पिढ्या पाळला गेला. आजच्या शास्त्रीय भाषेत ज्याला पूर्ण मासेमारीबंदीचे क्षेत्र म्हणतात, ते या डोहांनी कोणत्याही अधिसूचनेशिवाय सांभाळले, आणि डेक्कन महाशीर ही मोठ्या खवल्यांची जात वाळण कोंडीसारख्या ठिकाणी टिकण्यामागे हेच कारण आहे.

आधुनिक कायद्याचा धागा एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. पुणे परिसरातील नद्यांतील माशांचे वर्णन कर्नल विल्यम साइक्स याने १८३०च्या दशकाच्या अखेरीस केले, आणि डेक्कन महाशीरचे शास्त्रीय नाव त्याच्याच वर्णनातून आले. १८७३ साली फ्रान्सिस डे याचा भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरील अहवाल आणि हेन्री सलिव्हन थॉमस याचे भारतातील गळमासेमारीवरील पुस्तक अशी दोन प्रकाशने झाली. एकाने सरकारला आणि दुसऱ्याने शौकिनांना एकच गोष्ट सांगितली, ती ही की नद्यांतील मासा अमर्याद नाही. पुढे १८९७चा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम आला, आणि पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष घालून मासे मारणे हा त्याने गुन्हा ठरवला. जिलेटिनच्या कांड्या उडवून डोह रिकामे करण्याचे प्रकार अजूनही कानांवर येतात, यावरून सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या कलमाची निकड संपलेली नाही, हे दिसते. मुंबईत पवई तलावावर विसाव्या शतकात गळमासेमारी करणाऱ्यांची संघटना उभी राहिली, सभासदत्व आणि दिवसाचा पास ही पद्धत तेथे रुजली. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महाशीरची बीजे तयार करून देशभरातील पाण्यांत सोडली. कर्नाटकात कावेरीकाठी महाशीरसाठी नावाजलेली गळमासेमारीची शिबिरे मात्र अभयारण्याच्या हद्दीत असल्यामुळे २०१०नंतरच्या काळात बंद पडली, कारण आमिष दाखवून प्राणी पकडणे हे वन्यजीव कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारीत मोडते, मग मासा नंतर पाण्यात सोडला तरी. या शिबिरांमुळे महाशीरची चोरटी शिकार रोखली जात होती, असे त्यांचे समर्थक म्हणत. अभयारण्यात कोणत्याही स्वरूपाची शिकार नको, ही कायद्याची भूमिका होती. दोन्ही बाजूंना माशाचे रक्षणच हवे होते, आणि हा वाद आजही निवळलेला नाही.

समुद्रावरील नियमांचा इतिहास याहून वेगळा आहे, आणि बोटीने जाणाऱ्याला तो समजल्याशिवाय नकाशावरच्या रेषांचा अर्थ लागत नाही. सतराव्या शतकात ह्यूगो ग्रोशियस या डच न्यायशास्त्रज्ञाने समुद्र सर्वांना खुला असल्याचे प्रतिपादन केले. पुढे किनाऱ्यापासून सुमारे ३ सागरी मैलांचा पट्टा किनारी देशाचा, हा संकेत रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मासे आणि तेल यांवरून हक्कांची चढाओढ लागली आणि तिचा शेवट १९८२च्या समुद्रविषयक कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारात झाला. हा करार १९९४ साली अमलात आला आणि भारताने १९९५ साली त्याला मान्यता दिली. त्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हा प्रादेशिक समुद्र, म्हणजे देशाच्या भूमीसारखाच त्याच्या सत्तेखालचा भाग, आणि २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जेथे जहाजांना मोकळीक असली तरी माशांवर किनारी देशाचाच हक्क चालतो. परक्या देशाच्या प्रादेशिक समुद्रातून कोणालाही उपद्रव न देता सरळ जाण्याचा अधिकार प्रत्येक देशाच्या नौकेला आहे, त्याला निरुपद्रवी मार्गक्रमण म्हणतात. पण करारातील १९व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही प्रकारची मासेमारी केली की ते मार्गक्रमण निरुपद्रवी राहत नाही. जाळे आणि गळ असा भेद हा अनुच्छेद करत नाही. पालघर-डहाणूकडचे जे खलाशी गुजरातच्या नौकांवर काम करताना सागरी सीमेवर पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगांत अडकले, त्यांच्या कुटुंबांना या रेषेची किंमत कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. सुट्टीवर गेलेल्या पर्यटकाची गोष्ट त्यांच्या हालांच्या शेजारी ठेवण्यासारखी नाही, पण रेषा तीच आहे.

या पार्श्वभूमीवर निरनिराळ्या देशांच्या पद्धती पाहिल्या तर त्यांच्यात काही ठळक विचारधारा दिसतात. पहिली इंग्लंडची. तेथे नदीतील मासेमारीचा हक्क सामान्यतः काठाच्या जमीनमालकाचा असतो, आणि समुद्रात व भरती-ओहोटीच्या पाण्यात तो लोकांचा असतो. त्यामुळे इंग्लंड व वेल्समध्ये गोड्या पाण्यावर गळ टाकणाऱ्या, १३ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला पर्यावरण संस्थेचा काठी-परवाना तर लागतोच, शिवाय त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी घ्यावी लागते. समुद्रावर मात्र गळासाठी परवाना लागत नाही, तरी समुद्री बास या माशाच्या किमान लांबीपासून दिवसाच्या संख्येपर्यंतचे नियम लागू राहतात. स्कॉटलंडमध्ये असा काठी-परवानाच नाही, हक्काचा प्रश्न सर्वस्वी मालकाच्या परवानगीवर सुटतो. एकाच बेटावर तासाभराच्या प्रवासात नियम बदलतात, हे ज्याला माहीत नाही, त्याने शुद्ध हेतूने केलेली कृतीही दंडास पात्र ठरते.

दुसरी विचारधारा अमेरिकेची. मासा आणि वाहते पाणी ही कोणाचीही खासगी मालमत्ता नसून राज्याने लोकांच्या वतीने सांभाळायची ठेव आहे, हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८४२ साली मार्टिन विरुद्ध वॉडेल या खटल्यात पुढे नेले, आणि तो खटला होता न्यू जर्सीतील रॅरिटन खाडीच्या कालवांच्या पट्ट्यांवरून. ज्या एडिसन शहरात आज मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे, ते याच रॅरिटन नदीच्या काठी वसलेले आहे, त्यामुळे या निकालाला मराठी वाचकाच्या घराजवळचा इतिहास म्हणायला हरकत नाही. ठेव राज्याची असल्यामुळे परवानेही राज्यागणिक निराळे. न्यू जर्सीत गोड्या पाण्यासाठी १६ वर्षांपासून शुल्काचा परवाना लागतो, खाऱ्या पाण्यासाठी मात्र विनामूल्य नोंदणी पुरते. कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावरून समुद्रात गळ टाकायला परवाना लागत नाही, पण बोटीत पाऊल ठेवताच लागतो. या पैशाचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. १९५०च्या एका संघीय कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरील कर राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाकडे वळवला, आणि त्यातील राज्याचा वाटा ठरवताना परवानाधारकांची संख्या धरली जाते. परवाना न काढणारा माणूस फक्त शुल्क बुडवत नाही, त्या पाण्यात सोडल्या जाणाऱ्या मत्स्यबीजाच्या हिश्शातून तो स्वतःची मोजदादही कमी करतो.

उत्तर युरोपात तिसरी दृष्टी दिसते. स्वीडनमध्ये किनाऱ्यावर आणि वेनर्न, वेटर्न यांसारख्या पाच मोठ्या सरोवरांत गळाची मासेमारी सर्वांना मोकळी आहे. नॉर्वेत समुद्रावर गळाला परवाना नाही, परंतु पर्यटकाला मासा विकता येत नाही, तो देशाबाहेर नेण्यावर मर्यादा आहेत आणि मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांपासून ठरावीक अंतर राखावे लागते. जर्मनीत याच्या नेमके उलट आहे. तेथे परवान्याआधी परीक्षा द्यावी लागते, तीत माशांच्या जाती, कायदा आणि मासा वेदनेशिवाय कसा मारावा यांचे ज्ञान तपासले जाते. पर्यटकांसाठी काही राज्यांनी मुदतीचे सवलतीचे परवाने ठेवले आहेत. प्राणिरक्षण कायद्याचा तेथील अर्थ असा की माशाला सबळ कारणाशिवाय वेदना देता येत नाहीत, आणि खाण्यासाठी पकडणे हे सबळ कारण आहे, करमणुकीसाठी पकडून सोडणे हे नाही. स्वित्झर्लंडनेही सोडून देण्याच्या हेतूने मासे पकडण्यावर बंदी घातलेली आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ‘पकडा आणि सोडा’ ही सुसंस्कृतपणाची खूण मानली जाते, जर्मन भाषक मुलखात तीच कृती क्रौर्य ठरते. या दोहोंतील मतभेद केवळ तांत्रिक नाही, तो माशाकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे, आणि वारकरी घरात वाढलेल्या वाचकाला जर्मनांचा आक्षेप कदाचित लवकर पटेल. प्रस्तुत पुस्तक या वादात निकाल देत नाही. ज्या देशात जावे तेथील भूमिका पाळावी, असे ते सांगते, आणि ते योग्यच आहे.

ऑस्ट्रेलियात भर जागेच्या नियमांवर आहे. ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाची २००४ साली नव्याने विभागणी झाली आणि सुमारे एक तृतीयांश क्षेत्र हिरव्या पट्ट्यात गेले. तेथून बोट नेता येते, पण मासेमारी करता येत नाही आणि गळ-काठ्या आवरून ठेवाव्या लागतात. मालवणच्या सागरी अभयारण्याची रचना ज्यांना माहीत आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. न्यूझीलंडमध्ये समुद्रावर हौशी परवाना नाही, तेथे सगळा कटाक्ष माशाच्या लांबीवर आणि संख्येवर आहे, आणि ट्राउटसाठी गोड्या पाण्याचा वेगळा परवाना लागतो, शिवाय ताउपो सरोवरासाठी आणखी वेगळा.

लांबीचा नियम कागदावर एका ओळीचा असतो, पण बोटीवर तो पाळणे हे स्वतंत्र कसब आहे, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. मोजपट्टी माशाच्या फुगीर अंगावरून वळवून धरायची नसते. ती सपाट फळीवर ठेवून, तोंड मिटलेला मासा तिच्यावर आडवा टेकवून, नाकाचे टोक शून्यावर आणून मोजावे लागते. मोजणी शेपटीच्या कोणत्या बिंदूपर्यंत करायची, हे देशागणिक बदलते : न्यूझीलंडमध्ये स्नॅपर शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत मोजतात, इंग्लंडमध्ये बास शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत. एकच मासा एका पद्धतीने कायदेशीर आणि दुसऱ्या पद्धतीने बेकायदा ठरू शकतो. शिवाय सर्वत्र किमान मर्यादाच असते असेही नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेदार बास या माशासाठी अलीकडे न्यू जर्सीसह अनेक राज्यांत २८ ते ३१ इंच अशा खालच्या आणि वरच्या दोन्ही मर्यादा आहेत, कारण मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते आणि तिला पाण्यात राहू देण्यातच पुढच्या पिढीचे हित असते. म्हणजे सर्वांत मोठा मासा, ज्याच्यासोबत फोटो काढावासा वाटतो, तोच परत सोडावा लागतो. त्याला हाताळताना हात ओले असावेत, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सुटलेला मासाही पुढे रोगाने मरतो.

बोटीमुळे या सगळ्या गुंत्यात आणखी एक पदर येतो, कारण काठावर उभ्या असलेल्या माणसापेक्षा बोटीवरच्या माणसाची जागा सतत बदलत असते. त्याच पट्टेदार बासचे उदाहरण घेतले तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत तो राज्याच्या नियमांनी पकडता येतो, त्यापलीकडे संघराज्याच्या पाण्यात १९९०पासून तो पकडणे व जवळ बाळगणे मना आहे. अर्ध्या तासात बोट ही सीमा ओलांडते आणि पाण्यावर तिची कोणतीही खूण नसते. अटलांटिकमध्ये ट्यूना, शार्क, तलवारमासा यांच्या मागे जायचे तर तेथे परवाना माणसाला नव्हे, तर बोटीला घ्यावा लागतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात इंजिनाच्या बोटीतून मासेमारीसाठी खास बोट-परवाना आहे. मेक्सिकोचा नियम तर नवख्याला चकित करणारा आहे : बोटीवर मासेमारीचे साहित्य असेल तर बोटीवरच्या प्रत्येकाकडे परवाना असावा लागतो, मग तो गळाला हात लावो वा न लावो. अमेरिका-कॅनडा सीमेवरील सरोवरांत बोट ज्या बाजूला असेल त्या बाजूचा परवाना हवा. नावाडी व चालकासह घेतलेल्या सहलीच्या बोटीत अनेक ठिकाणी बोटवाल्याचा परवाना प्रवाशांना सामावून घेतो, पण केवळ भाड्याने घेऊन स्वतः चालवलेल्या बोटीत सारी जबाबदारी चालवणाऱ्याची व गळ टाकणाऱ्याची असते. या दोहोंतील फरक बोट ठरवतानाच, पैसे देण्याआधी, विचारून लेखी घेणे शहाणपणाचे.

मराठी कुटुंबांचा वावर जेथे अधिक आहे अशा आणखी काही ठिकाणांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. अबुधाबीत हौशी मासेमारीसाठी तेथील पर्यावरण संस्थेचा परवाना काढावा लागतो. सिंगापूरमध्ये जलाशयांवर नेमून दिलेल्या जागीच गळ टाकता येतो आणि आमिष कृत्रिमच वापरावे लागते. गांडूळ किंवा कणीक तेथे चालत नाही. मालदीवमध्ये रात्रीच्या गळमासेमारीची सहल हा पर्यटकांच्या आवडीचा भाग आहे, परंतु २०१० साली शार्क पकडण्यास तेथे मनाई झाली, त्यामुळे चुकून गळाला लागलेला शार्क दोरी तोडून सोडावा लागतो. मॉरिशसचा मराठीशी संबंध एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर कामाला गेलेल्या मजुरांपासूनचा आहे, आणि तेथील खोल समुद्रातील मोठ्या माशांची मासेमारी जगभर नावाजलेली आहे. पाण्याखाली मासा टिपण्याची बंदूक मात्र तेथे बेकायदा आहे. घरी परतताना शार्कचे दात, प्रवाळाचा तुकडा किंवा मोठा शंख सामानात घालण्याचा मोह अनेकांना होतो. यांतील कित्येक वस्तू वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, आणि भारतात प्रवाळ व माशांच्या काही जाती १९७२च्या अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा, याचे उत्तर दोन पातळ्यांवर आहे. मासे सर्वत्र ताणाखाली आहेत, म्हणून नियम दरवर्षी, कधी हंगामाच्या मध्यातही बदलतात. हौशी मासेमारीकडे एके काळी दुर्लक्ष होत असे, आता तिच्या पकडीचीही मोजदाद होते. दुसरी पातळी अधिक व्यक्तिगत आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत विनापरवाना मासेमारी हा किरकोळ का होईना, फौजदारी स्वरूपाचा गुन्हा आहे, आणि व्हिसाच्या अर्जात पूर्वीच्या गुन्ह्यांविषयी विचारणा होते. एका राज्यात रद्द झालेला परवाना आंतरराज्यीय करारामुळे बहुतेक साऱ्या राज्यांत रद्द समजला जातो. १९०० सालचा आणि १९८१च्या दुरुस्तीने विस्तारलेला लेसी कायदा तर परदेशात नियम मोडून पकडलेला मासा अमेरिकेत आणणे हाही गुन्हा ठरवतो. एका दुपारच्या हौसेसाठी नोकरीवर गेलेल्या तरुणाने एवढी जोखीम पत्करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

प्रस्तुत पुस्तकाची मांडणी देशवार यादीची नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पाणी कोणाचे, मासा कोणत्या जातीचा, बोट कोणाची आणि पकडलेला मासा पुढे कोठे जाणार, या प्रश्नांभोवती ते प्रत्येक देशाची पद्धत उलगडते, त्यामुळे ज्या देशाचा उल्लेख पुस्तकात नाही तेथेही वाचकाला काय विचारायचे ते कळते. परवान्यांचे दर त्यात मुद्दाम दिलेले नाहीत, कारण छापून येईपर्यंत ते शिळे होतात. आफ्रिकेतील सरोवरे आणि दक्षिण अमेरिकेतील नद्या यांना पुस्तकात फारशी जागा मिळालेली नाही, ही उणीव पुढील आवृत्तीत भरून निघावी. नाथसागर, पवई आणि मालवण यांच्यावरील विवेचन मात्र परदेशाच्या पुस्तकात अनावश्यक वाटले तरी वाचकाने ते वगळू नये. ज्या भोई मच्छीमाराच्या परवान्यावर नाथसागरातील मासा बाजारात येतो, त्याचा हक्क ज्याला घरी दिसत नाही, त्याला रॅरिटन खाडीवरचा किंवा ताउपो सरोवरावरचा नियम ही सरकारी कटकट वाटणार, आणि परवाना हे केवळ शुल्काचे तिकीट वाटणार.

वाचकांना एवढेच सांगणे आहे की या पुस्तकाचा उपयोग प्रवासाची तयारी करताना करावा, आणि बोटीत बसण्याच्या दिवशी त्या ठिकाणच्या मत्स्यव्यवसाय खात्याची ताजी सूचना स्वतः वाचावी. या दोहोंत तफावत आढळली, तर खात्याची सूचना प्रमाण मानावी.